सातवीचा दाखला

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊकच आहे. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हजेरी लिहिणे आणि कार्यक्रम संपला की कपबशा मोजून ठेवणे. पण यंदा चिटणीसबाईंनी हट्टच धरला. त्या म्हणाल्या, "दर वर्षी बाहेरून पाहुण्या बोलावतो. त्या बोलतात छान, पण आपल्या गल्लीतलं त्यांना काय माहीत? यंदा घरच्याच बाईनं बोलायचं." मी म्हटले, "मला कसला विषय येतोय!" तर म्हणाल्या, "लग्न होऊन सोलापुरात आलात, त्या वेळची पहिली दोन वर्षं सांगा. समोर बसणाऱ्या निम्म्या तर नव्या सुनाच असतील." म्हणून उभी राहिले आहे. हातातला कागद कापतो आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आज जी हकीकत सांगणार आहे ती सासूबाईंना आणि यजमानांना विचारूनच सांगते आहे. सासूबाई मागे भिंतीशी टेकून बसल्या आहेत. माझे काही चुकले तर त्या तिथूनच दुरुस्त करतील. ती त्यांची जुनी सवय आहे.

माझे माहेर तुळजापूर तालुक्यातले. त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. गाव लहान, जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. मी सातवी पास झाले आणि १९९३ च्या जूनमध्ये शेजारच्या गावच्या हायस्कुलात आठवीला नाव घातले. चार किलोमीटर चालत जायचे. आम्ही तिघी मुली होतो, हसत-खेळत जात असू. माझे अक्षर बरे म्हणून बाईंनी मला फळ्यावर सुविचार लिहायला दिला होता. तीन-साडेतीन महिने झाले आणि ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे नुकती निजली होती. किल्लारी, सास्तूर या बाजूला हजारो माणसे घरांखाली गेली. आमचे गाव लांब. देवीच्या कृपेने गावात कोणाच्या जिवाला काही झाले नाही, परंतु आमच्या माळवदाच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. दगडमातीच्या भिंती त्या, घरात निजायची कोणाची छाती होईना. कितीतरी महिने आम्ही शेतात पत्र्याच्या आडोशाला राहिलो. आई-दादा घर उतरवून पुन्हा रचायच्या कामाला, आजी धास्तीने अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ दोन वर्षांचा. मग शाळेत कोण जाणार? घर उभे राहिले तोवर वर्ष उलटले होते. दादा हायस्कुलातून माझा दाखला घेऊन आले. त्यावर लिहिले होते, सातवी पास, आठवीतून शाळा सोडली. शाळा सोडण्याचे कारण, घरगुती अडचण. तो कागद आईने माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "असू दे, जपून ठेव." मी तो जपून ठेवला. पुढे फारच जपून ठेवला, तेच आज सांगायचे आहे.

२००१ साली वैशाखात माझे लग्न ठरले. माझे वय एकवीस. स्थळ माझ्या चुलतमामांनी आणले होते. मुलगा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, दहावी झालेला, निर्व्यसनी. बोलणी चालू असताना मुलाकडच्यांनी विचारले, "मुलगी कितवी?" मी आतल्या खोलीत चहाचे कप भरत होते. मामा पटकन म्हणाले, "दहावी." दादा काहीच बोलले नाहीत. आई माझ्याकडे बघून नुसती गप्प राहा म्हणून मान हलवीत होती. भगिनींनो, मामांचा हेतू वाईट नव्हता. आपली पोर शहरात पडावी, एवढेच त्यांच्या मनात. पण ते तीन अक्षरी खोटे माझ्या पदरात बांधून त्यांनी मला सासरी पाठवले. मी निघताना दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूच्या खाली ठेवला.

सासर म्हणजे आपल्या या पूर्व भागातच, दोन खोल्यांचे घर. मामंजी पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यापासून घरीच असत. दारात खुर्ची टाकून बसत आणि भोंग्याची वेळ झाली की आपोआप उठून उभे राहत. नणंदेचे लग्न आमच्या आधी वर्षभर झालेले, त्याचे देणे अजून फिटले नव्हते. आजूबाजूला सगळी घरे तेलुगू बोलणाऱ्यांची. गल्लीत दिवसभर मागाची खटखट. दारादारांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत बसलेल्या. पहिला महिना मला कोण काय बोलते ते कळतच नव्हते. नळाला पाणी रोज येत नसे, आणि आले की अपरात्री येई. मग सगळ्या गल्लीत "नीळ्ळू, नीळ्ळू" असा गलका. मला वाटले कोणाचे तरी नाव आहे. मी शांत झोपून राहिले. सकाळी घरात पाण्याचा थेंब नाही आणि सासूबाईंचा चेहरा असा! नीळ्ळू म्हणजे पाणी, हा मी शिकलेला पहिला तेलुगू शब्द. तो अजून विसरले नाही.

यजमानांचा पगार आठवड्याला मिळे. वाणी, दूध, देण्याचा हप्ता जाऊन शेवटचे दोन दिवस ओढाताण होई. मला वाटू लागले, आपणही काही करावे. घरचेही म्हणत, "दहावी झालीयस, कुठं तरी लाग." आणि तिथेच सगळा घोळ होता.

पहिल्यांदा मी शेजारच्या अक्कांकडे विड्या वळायला शिकले. अक्का म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का, ज्यांचा फोटो आज आपण हार घालून ठेवला आहे. पाने भिजवायची, पत्रा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू पसरून वळायची, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. अक्कांची बोटे अशी चालत की त्या डोळे मिटून हजार विड्या करीत. मी दिवसभर मान मोडून तीनशेच्या वर गेले नाही. त्यांतल्या निम्म्या अक्का बाजूला काढीत, "ही सैल, ही फुगली, ही परत." तंबाखूच्या वासाने माझे डोके गरगरे. महिनाभराने अक्काच म्हणाल्या, "तुझा हात विडीचा नाही बाई. ज्याचा आहे त्यानं करावं."

नंतर कांड्या भरून पाहिल्या. त्यात खांदा धरला. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला बायका जात, पण सकाळी जायचे ते रात्री यायचे. मामंजींना ते पसंत पडले नाही. मग एकदा यजमानांनी बातमी आणली की एका कापड दुकानात बिल लिहायला दहावी झालेली मुलगी पाहिजे. मला घेऊन गेले. मालक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागदावर दोन आकडे बेरजेला दिले, मी केली. अक्षर बघून म्हणाले, "छान आहे. उद्या दहावीचं सर्टिफिकेट आणा." मी रस्ताभर गप्प. घरी आल्यावर म्हटले, "सर्टिफिकेट माहेरी राहिलंय." दुसऱ्या दिवशी ताप आल्याचे सोंग केले. तिसऱ्या दिवशी तिथे दुसरी मुलगी लागली.

असे तीन-चार वेळा झाले. प्रत्येक वेळी नवे निमित्त. माहेरचा माणूस आला की माझ्या छातीत धडधड व्हायची, हा काही बोलून तर जाणार नाही ना! अंगात लबाडी नव्हती, पण रोज थोडी थोडी करावी लागे. मंगळवार आणि शुक्रवार मी धरले होते. देवीपुढे दिवा लावून म्हणत असे, "आई, मला दाखला न लागणारं काम दे." आता आठवले की हसू येते. देवीला पण मी चोरवाटच मागत होते.

२००२ च्या पावसाळ्यात आपल्या भागात अंगणवाडीला मदतनीस पाहिजे असे कळले. बातमी अक्कांनीच आणली. मदतनीस त्याच भागात राहणारी हवी आणि शिक्षण सातवी पास. आता या जागेला बारावी मागतात, पण त्या वेळी सातवी चालत असे. सोबत काय जोडायचे? शाळा सोडल्याचा दाखला. भगिनींनो, ती जागा जशी माझ्यासाठीच निघाली होती. घरापासून चार पावलांवर, लहान मुलांचे काम, मामंजींचीही ना नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "सातवीच्या जागेला दहावीची बाई मिळाली तर सरकार खूशच होईल. जा, अर्ज कर."

अर्जाला आठ दिवस होते. मी तो दाखला तीनदा ट्रंकेतून काढला आणि तीनदा परत ठेवला. दाखवला तर घरात खोटे उघडे पडणार, आणि खोटे माझ्या एकटीचे नव्हते. आई-दादांची मान खाली जाणार. न दाखवला तर जागा जाणार. रात्री झोप लागेना. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत मी स्वयंपाकघरात धान्य निवडत बसले. चारच पायल्या ज्वारी होती, ती दोनदा निवडली. पाच वाजले आणि मुदत संपली. सासूबाईंनी विचारले, "काय झालं गं?" मी म्हटले, "जागा भरली म्हणे." ती जागा गल्लीतल्याच दुसऱ्या एका सुनेला मिळाली. तिचे नाव घेत नाही, पण ती आज इथे बसली आहे. तिच्याविषयी माझ्या मनात कधी काही आले नाही. पुढे माझा मुलगा तिच्याच अंगणवाडीत रांगत गेला आणि पळत बाहेर आला. परंतु त्या दिवशी मला जे वाटले ते सांगता येणार नाही. भूकंपात घराबरोबर शाळा गेली, त्याचा दोष कोणाला द्यावा? ही जागा मात्र मी माझ्या हाताने घालवली होती.

त्याच वर्षी कोजागिरीला मी पहिल्यांदा सोलापूरहून तुळजापूरला चालत गेले. आपल्याकडून लाखो माणसे जातात, तुम्हांला नवे नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की देवी पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. त्या दर्शनाला आपण जातो. गल्लीतल्या अकरा बायका निघाल्या. सासूबाईंचे गुडघे दुखत म्हणून त्यांनी मला अक्कांच्या हवाली केले. संध्याकाळी निघालो. हिप्परग्याचा तलाव मागे पडला तेव्हा चांदणे पडले होते. रस्ता माणसांनी फुललेला. कोणी चहा देतोय, कोणी केळी, कोणी खिचडी. परकी माणसे बसवून पायांना तेल लावीत होती. इतकी गर्दी, आणि मला मात्र फार एकटे वाटत होते. तामलवाडीच्या पुढे अक्कांच्या टाचेला फोड आला म्हणून आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसलो. बाकीच्या पुढे गेल्या. ती माझ्या माहेरची वाट. पुढे कुठला फाटा लागतो, कुठे विहीर आहे, मला सगळे पाठ. एकाएकी मला रडू फुटले.

अक्का म्हणाल्या, "कशाला रडालीस? फोड मला आलाय की!"

मग मी त्यांना सगळे सांगितले. दहावीचे, दुकानाचे, अंगणवाडीचे, ट्रंकेतल्या दाखल्याचे. दीड वर्षात पहिल्यांदा खरे बोलले. देवी माझ्यावर रागावली असेल, हेही बोलले.

अक्का थोडा वेळ टाच चोळीत बसल्या. मग म्हणाल्या, "मी शाळा बघितली नाही. विडीच्या कार्डावर अंगठा, बँकेत अंगठा. माझं शून्य. तुझे सात आहेत. सात काय थोडे झाले? तू दहाचं रडतीस आणि सात कुजवालीस." आणि पुढे म्हणाल्या, "देवी कशाला रागावती? तिला दाखला मागायचं काम नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

भगिनींनो, मी पुष्कळ कीर्तने-प्रवचने ऐकली आहेत. पण "सात कुजवालीस" हे वाक्य माझ्या जिवाला जेवढे लागले तेवढे दुसरे काही लागले नाही. पहाटे घाट चढून आम्ही वर गेलो. गोमुखाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि रांगेला लागलो. देवीसमोर गेल्यावर त्या वेळी मी काहीच मागितले नाही. नुसता नमस्कार केला.

परत आल्यावर दुसऱ्या रात्री मी ट्रंक उघडली आणि दाखला यजमानांच्या हातात दिला. त्यांनी दिव्याखाली धरून वाचला. दोनदा वाचला. काही न बोलता घडी घालून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. त्या रात्री मला वाटले, संपले सगळे. सकाळी कामाला निघताना ते उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "तुमच्याकडं बोलणी झाली तेव्हा आमच्यावाल्यांनी सांगितलं होतं, मुलगा कायम आहे, बोनस आहे, फंड आहे. मी बदलीवर आहे. काम असलं तर पगार. म्हणून दर आठवड्याला पैसे वेगळे येतात. तुला कळलं नाही का कधी?" मला खरोखर कळले नव्हते. मी माझेच खोटे लपवण्यात इतकी गुंतले होते की दुसऱ्याचे दिसलेच नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग दोघांनाही हसू आले. माझ्या मते आमचा संसार त्या सकाळी सुरू झाला.

सासूबाईंचे मात्र असे झाले नाही. त्यांना फार लागले. "आम्हांला फसवलं," एवढेच म्हणाल्या. मी पाया पडले, माफी मागितली. आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरते बोलल्या. नंतर बोलणे सुरू झाले, पण पूर्वीसारखे नव्हे. माझ्या आईला निरोप धाडला नाही की चार लोकांत बोभाटा केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण मनातली अढी मला रोज जाणवे. ती जायला जवळजवळ वर्ष लागले. कशी गेली ते सांगते.

२००३ च्या श्रावणात आपल्या गल्लीच्या देवळात दर वर्षीप्रमाणे शिवलीलामृत लावले होते. वाचणाऱ्या आजींना मोतीबिंदू झाला. दोन दिवस त्यांनी कसेबसे रेटले, तिसऱ्या दिवशी पोथी खाली ठेवली. "अक्षरं पळायला लागलीत गं," म्हणाल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जमलेल्या वीस-पंचवीस जणींत निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या, आणि मराठी बोलणाऱ्यांतही वाचता येणाऱ्या थोड्या. ज्यांना येत होते त्यांना एवढ्या जणींसमोर वाचायची लाज. मी मागे खांबाआड बसले होते. इतक्यात सासूबाईंचा आवाज आला, "आमची सून वाचती. सातवी झालीया."

त्यांनी दहावी म्हटले नाही. सातवी म्हटले, आणि सगळ्यांच्या देखत, अगदी ठसक्यात म्हटले. मी त्यांच्याकडे पाहिले, तर त्या दुसरीकडे बघत होत्या. एवढ्यात सगळे आले. मी उठून पुढे गेले, पोथीला नमस्कार केला आणि वाचायला लागले. पहिल्या दोन ओव्यांना आवाज फुटत नव्हता. पुढे फुटला.

महिनाभर मी वाचले. तेलुगू बायकांना काही शब्द अडत, मग मी थांबून सांगत असे. मला येत नसे तिथे आजी सांगत. अध्याय संपला की दहा मिनिटे नुसता अर्थ चाले. त्याच आश्विनात त्या बायकांनी मला बतकम्माला ओढून नेले. फुलांची उतरंड मध्ये ठेवून टाळ्या वाजवीत फेर धरायचा. गाणे मला येत नव्हते, टाळी येत होती. ज्या गल्लीत मला पाण्याचे नाव कळत नव्हते, त्या गल्लीत मी फेरात उभी होते.

पुढचे थोडक्यात सांगते. पोथी वाचते म्हटल्यावर बायका कागद घेऊन येऊ लागल्या. कोणाची बँकेची स्लिप, कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली ती घरे मिळाली, तेव्हा त्याआधीचे कितीतरी कागद मी आमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवले होते. आपल्या अक्कांना सही शिकवायला मला चार महिने लागले. त्यांनी बँकेत पहिली सही केली तेव्हा बोटाची शाई पुसायचा बोळा सवयीने मागितला, आणि मग आपणच हसल्या.

या कामाचे मी पैसे घेतले नाहीत. पैशाचे काम निराळ्या वाटेने आले. अक्षरे वाचून घ्यायला येणाऱ्या बायकांना सासूबाई ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी देत. त्यांचा हात तुम्हांला माहीतच आहे. पापडासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर अगदी कोरडी करायची. महिना महिना टिकते. शेंगा खमंग भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायच्या. एकीने मुंबईच्या भावाला डबा भरून नेला. तिथून मागणी आली. मग सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की लोक घरी येऊन विचारू लागले. सासूबाई थापीत, मी हिशेब लिही. पहिल्या वर्षात नणंदेच्या लग्नाचे देणे फिटले. मी आजही घरकाम करणारी गृहिणीच आहे, पण घरात बसून चार पैसे मिळवते. आणि त्या पोथीच्या बायकांनीच दरमहा वीस रुपयांची भिशी सुरू केली. तिची वही माझ्याकडे आली. त्या भिशीचे पुढे काय झाले? तुम्ही ज्या सतरंजीवर बसला आहात ती तिच्याच पैशांतून घेतली. आपले मंडळ ते हेच.

आता शेवटचे. उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही, परंतु चिटणीसबाईंनी उभे केले आहे म्हणून तीन गोष्टी विनंती म्हणून सांगते.

पहिली विनंती स्थळे जमवणाऱ्या मावश्या-मामांना. मुलगी सातवी असेल तर सातवी सांगा, मुलगा बदलीवर असेल तर बदलीवर सांगा. तुमचे खोटे मांडवात संपते. पोरांना ते घरी न्यावे लागते.

दुसरी विनंती आपल्यासारख्या थोरल्यांना. गल्लीत नवी सून आली की आपण पहिले काय विचारतो? माहेरहून काय आणले. त्याऐवजी तुला काय येते, एवढे विचारावे. आणि जे येत असेल ते चार जणींसमोर करायला लावावे. मी दीड वर्ष या गल्लीत राहिले आणि मला वाचता येते हे कोणाला माहीत नव्हते. तो दोष माझा खरा, पण कोणी विचारलेही नव्हते.

तिसरी गोष्ट नव्या सुनांना. मुलींनो, तुमच्या ट्रंकेच्या तळाशी काय असेल ते मला माहीत नाही. कोणाचा नापासाचा निकाल असेल, कोणाचे अर्धवट सोडलेले शिवणाचे क्लासचे पुस्तक असेल. ते वर काढा. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. आपल्या मंडळाने शनिवारी दुपारी अभ्यासाचा वर्ग सुरू करावा असे माझ्या मनात आहे. अध्यक्षाबाईंनी मान्य केले तर खोली मी झाडून ठेवीन. कोणी म्हणेल, पंचेचाळिसाव्या वर्षी तुम्ही कशाला मध्ये पडता? तुम्ही पोरी बसणार असाल तर मीही तुमच्या शेजारी बसेन. गणित मात्र मला दाखवावे लागेल. आठवीत तीन महिनेच झाले होते ना.

सासूबाईंनी मागून काही दुरुस्ती केली नाही, म्हणजे बहुतेक सगळे बरोबर सांगितले असावे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर पदरात घ्या.  आता कोणी हळदीकुंकू घेतल्याशिवाय जाऊ नये. कपबशा मोजूनच ठेवल्या आहेत.